आजोबांचं तळं, पायथ्याची ओल आणि दीड फुटाचा मोह

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल की उत्तर कशाचं चाललंय. खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावर, तुमच्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशानं ओढ्यावर मातीचा बांध घातला. मधोमध उंची १८ फूट, लांबी साडेतीनशे फूट. भरलं की पाणी चार एकरांवर पसरतं. आजवर ते संक्रांतीच्या आसपास आटायचं. यंदा टेंभू उपसा योजनेचं पाणी ओढ्याला सोडलं आणि फेब्रुवारीत तळं सांडव्याला, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेला, लागलं. महिन्याभरात बांधाच्या खालच्या अंगाला पायथ्याशी ओल आली, मग करंगळीएवढी धार लागली. चुलतभाऊ म्हणतो, ओल सिमेंटनं बुजवू आणि सांडव्यावर दीड फूट काँक्रीट टाकून साठा वाढवू. खालचे विहीरवाले म्हणतात, आमच्या हक्काचं पाणी तुम्ही अडवून बसलाय. तुम्ही विचारता, धरण फुटेल का, आणि यातलं कुणाचं ऐकू?

माझी हयात सरकारी नोकरीत असल्याच छोट्या तलावांच्या बांधांवर गेली. तेव्हा मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही वर्णन केलेल्या ओलीनं माझी झोप उडत नाही. चुलतभावाच्या दीड फुटानं उडते.

मातीचं धरण पाझरतंच. न पाझरणारं मातीचं धरण मी एकच प्रकारचं पाहिलंय, कोरडं. नीट बांधलेल्या बांधात मधे काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, आणि गाभ्याच्या खाली कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत चर खणून तीही काळ्या मातीनं भरलेली असते. काळी माती पाणी थांबवत नाही, त्याचा वेग मारते. पाणी आत शिरतं, हळूहळू उतरत उतरत खालच्या अंगाला पायथ्याशी बाहेर येतं. तिथं दगडी पायथा केलेला असला तर ते दगडांतून निघून जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या आजोबांनी दगडी पायथा केला नसावा. त्या काळी खासगी बांधाला तो कोण करत होतं? पण तुम्ही लिहिलंय की माती-वडारांनी गाढवांवरून माती टाकली होती, थर पसरून, पाणी शिंपडून. हे वाचून बरं वाटलं. दबाई करायला आज जो यांत्रिक रोलर आणतात त्याला मेंढीपाय रोलर म्हणतात, आणि नावातच सगळं आलं. गाढवांच्या खुरांनी बारीक थरावर केलेली दबाई, जेसीबीनं तीन-तीन फुटांचे ढीग ओतून वरून ट्रॅक्टर फिरवलेल्या आजच्या बांधापेक्षा पुष्कळ बरी असते.

मग पन्नास वर्षं ओल दिसली नाही आणि आत्ताच का? कारण पन्नास वर्षं या बांधानं भर उन्हाळ्यात पाणी पाहिलंच नव्हतं. पावसाचं पाणी येतं, चार महिने राहतं, आटतं. गाभा पुरता भिजायच्या आत तळं रिकामं. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं पाणी घाटमाथ्यावर आलं आणि या जुन्या बांधांचं वेळापत्रकच बदललं. आता ते फेब्रुवारीत भरतात आणि पाठोपाठ आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पुढची पाळी, आलं तर मेपर्यंत भरलेले राहतात. शिवाय काळी माती वाळली की भेगाळते, हे रानात तुम्ही रोज बघता. बांधाच्या पोटातली काळी मातीही तेच करते, फक्त वरच्या मुरमामुळं दिसत नाही. लांब दुष्काळानंतर पहिल्यांदा आणि झपाट्यानं भरलेलं तळं म्हणूनच जपायचं असतं. भेगा फुगून मिटायला वेळ लागतो, तोवर त्यांतून पाणी वाट काढतं.

आता ओल वाईट की साधी, हे घरच्या घरी ओळखता येतं. धार जिथं निघते तिथं पायथ्यापासून हात-दीड हात खाली छोटा खड्डा करून त्यातून अर्ध्या फुटाचा पाइपचा तुकडा काढा, धार एका जागी पडेल अशी. पायथ्याला मात्र कुदळ लावू नका. खाली १५ लिटरची बादली. भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. समजा ४० सेकंद लागले, तर दिवसाला ३२ हजार लिटर झाले. आकडा ऐकून घाबरायचं नाही, त्याबद्दल पुढं बोलतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो वाढतोय का. तळ्यात एक खांब रोवून त्यावर फूट-इंच रंगवा आणि वहीत रोज दोन रकाने भरा, तळ्याची पातळी आणि बादलीचे सेकंद. पातळी उतरतेय आणि धारही बारीक होतेय, ठीक. पातळी तिथंच आणि धार वाढतेय, तर बांधाच्या पोटात वाट रुंद होतेय.

दुसरी परीक्षा काचेच्या ग्लासाची. त्याच धारेचं पाणी ग्लासात घेऊन रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी तळाशी काही नसेल, किंवा नखाला लागेल न लागेल इतकंच असेल, तर पाणी निवळ आहे. तळाशी दोन रेघा माती बसली असेल तर ते पाणी एकटं येत नाही, बांध घेऊन येतंय. स्टीलचा ग्लास घेऊ नका, त्यात गढूळपणा दिसत नाही. हे सांगायचं कारण म्हणजे एकानं मला तांब्यातलं पाणी आणून दाखवलं होतं आणि म्हणाला, बघा साहेब, कसं निवळ आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी बघायची. पायथ्याला किंवा त्याच्या खाली दहा-वीस फुटांत कुठं वाळू नाचताना दिसते का? भाताच्या आधणाला बुडबुडे येतात तशी बारीक वाळू वर येऊन भोवती कडं करते. ते दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवा आणि तळं उतरवायला लागा. दिवसाला फूटभर, त्याहून जास्त नको. घाईनं उतरवलं तर आतल्या अंगाचा भिजलेला उतार पाण्याचा आधार गेल्यामुळं घसरतो. उतरवायला सायफन पुरतो. चार इंची पीव्हीसी पाइप माथ्यावरून टाकायचा, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह, दोन्ही टोकं बंद करून वरून पाणी भरायचं, झाकण घट्ट आणि मग टोकं उघडायची. पाणी माथ्यापासून पंधरा-सोळा फूट खाली जाईपर्यंत सायफन चालतो, वीज लागत नाही.

तोवर वाळू नाचते तिथं पहिला उपचार म्हणजे पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. आधी जाड वाळू अर्धा फूट, त्यावर बारीक खडी अर्धा फूट, त्यावर जाड खडी, वर डबर. बारीक आधी, जाड नंतर. क्रम उलटा झाला तर उपयोग शून्य.

आणि हे सिमेंटनं बुजवणं. खटावकडं एका बागायतदारानं माझ्यासमोर हा प्रयोग केला. पायथ्याच्या ओलीवर दहा बाय दहा फुटांचा काँक्रीटचा कट्टा ओतला, वर तुळशीवृंदावन बांधायचं म्हणाला. पंधरा दिवसांनी कट्टा कोरडा ठणठणीत आणि त्याच्या सहा फूट वर, उताराच्या मध्यावर, मुरूम ओला. आणखी आठ दिवसांनी तिथं पोट सुटल्यासारखा फुगवटा आला. हातानं दाबला तर माती साबुदाण्याच्या खिचडीसारखी मऊ. पाण्याला वाट बंद केली, त्यानं आत पातळी वाढवली आणि अख्खा उतार भिजवला. शेवटी कट्टा फोडून तिथं वाळू-खडीचा गाळण थर घातला तेव्हा दोन दिवसांत उतार वाळला. तुळस अंगणात गेली.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तीच मला सगळ्यात आधी हवी आहे. ओल बांधात पुरलेल्या पाइपपासून किती लांब आहे? आजोबांनी पाट काढण्यासाठी सहा इंची बिडाचा पाइप बांधाच्या पोटातून घातला होता आणि त्याला लाकडी डाट होता, एवढंच तुम्ही सांगता. पाइपाच्या अंगाला, विशेषतः खालच्या बाजूला, माती कधीच नीट दबत नाही, आणि पाणी पाइपाच्या आतून नाही तर बाहेरून अंगाअंगानं वाट काढतं. धार पाइपाच्या तोंडापाशी किंवा त्याच्या पाच-सात फुटांत असेल तर वरचं माझं सगळं धीराचं बोलणं मागं घेतो. तळं निम्म्यावर आणा आणि उन्हाळ्यात पाइप दोन्हीकडून उघडा करून गाभ्यापर्यंत काँक्रीटनं बंद करून घ्या. कुणीतरी जाणता माणूस समोर उभा करून. पानशेतची आठवण या जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्यांनाही आहे. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं ते ऐन बांधकामात, विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या पोटातल्या नळीचं, काम अपुरं असताना पावसाळ्याचं पाणी साठल्यावर, विमोचकाच्या वरचा भराव खचून. आपलं तळं पानशेतच्या पासंगालाही पुरत नाही, पण पोटातून गेलेली नळी ही लहान-मोठ्या सगळ्या मातीच्या धरणांची सारखीच नाजूक जागा.

याच कारणासाठी, मोटारीचा पाइप बांध खणून पलीकडं नेऊ नका. माथ्यावरून न्या. दोन फूट जास्त उपसा लागेल तर लागू दे.

आता सांडवा. इथं जरा आकडेमोड करू, कारण चुलतभावाला "नको" म्हणून चालणार नाही, त्याला हिशेब दाखवावा लागेल. त्याचा मोह खोटा नाही. चार एकरांवर दीड फूट म्हणजे सत्तर-पंचाहत्तर लाख लिटर. आत्ताचा साठा गाळ धरून दोन कोटींच्या घरात असेल, त्यात तिसरा हिस्सा वाढ, तीही दोन दिवसांच्या काँक्रीटमधे. मलाही तुमच्या वयात पटलं असतं.

तुम्ही कळवलं त्यावरून सांडवा ४० फूट रुंद आहे आणि सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा सव्वाचार फूट उंच. वरचं पाणलोट अडीचशे एकर, म्हणजे १०० हेक्टर, म्हणजे एक चौरस किलोमीटर. तासाला ७५ मिलिमीटर या वेगानं वळीव किंवा परतीचा पाऊस कोसळला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर सांडव्याशी सेकंदाला १० घनमीटर पाणी येतं. ४० फुटांच्या सांडव्यावरून ते जायला उंबऱ्यावर दोन फुटांहून थोडं जास्त चढतं. म्हणजे माथ्याखाली दोन फूट मोकळे राहिले. छान.

पण महाराष्ट्रात पुराचा अंदाज बांधताना सर क्लॉड इंग्लिस यांचं सूत्र वापरायची रीत आहे. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे ते संचालक होते. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरला १२४ नं गुणायचं आणि त्याच चौरस किलोमीटरमधे १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळानं भागायचं. एका चौरस किलोमीटरला उत्तर येतं सेकंदाला जवळपास ३७ घनमीटर. हे सूत्र सह्याद्रीच्या धो-धो पाणलोटांवरून बसवलेलं आहे, घाटमाथ्याच्या माळाला मी ते पुरतं लावणार नाही. पण निम्मं तरी धरीन, १८. कारण आपल्याकडं पाऊस वर्षाचा कमी असतो, तासाचा नाही. विट्याच्या, खानापूरच्या लोकांना हे सांगायला नको, वर्षाचा पाऊस दोन रात्रींत पडून गेलेला सगळ्यांनी बघितलाय. १८ घनमीटरला त्याच सांडव्यावर पाणी तीन फूट चढतं. आज सव्वा फूट शिल्लक राहतो. दीड फूट काँक्रीट टाकल्यावर उंबऱ्यापासून माथा उरतो पावणेतीन फूट, आणि पाणी चढणार तीन. म्हणजे बांधावरून तीन इंच पाणी.

आणि हे माथा सगळीकडं सारखा आहे असं धरून. तो नसतो. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, एक माणूस सांडव्याच्या टोकाला, दुसरा दर पंचवीस फुटांवर सरकत जाईल. पन्नास वर्षांत बांध मधे बसलेला असतो, कारण तिथं उंची जास्त आणि बैलगाडी-ट्रॅक्टरची वाटही तिथूनच. माझ्या अनुभवात मधे पाऊण-एक फूट खाली निघाल्याची तळी पुष्कळ आहेत, आणि मालकाला डोळ्यांनी कधी कळलेलं नसतं. पाणी माथ्यावरून जायला लागतं ते नेमकं तिथूनच, म्हणजे जिथं बांध सगळ्यात उंच आणि खाली ओढ्याचं पात्र सगळ्यात खोल. खालच्या उताराला घळ पडते, घळ मागं सरकत माथ्याला भिडते. मग पन्नास माणसं पोती घेऊन आली तरी उभं राहून बघण्यापलीकडं काही होत नाही.

माझ्यावर एकदा ती रात्र आली. नोकरीला चार वर्षं झाली होती, जत भागात होतो. पाझर तलाव सरकारी, मासेमारीचा ठेका दिलेला. तळं सांडव्याला लागलं की मासे वाहून जातात, म्हणून ठेकेदारानं सांडव्यावर बांबू रोवून बारीक जाळी लावली होती. आठ दिवस आधी मी ती पाहिली होती. काढायला सांगायला हवी होती. त्यानं केळीच्या पानात गुंडाळून एक कटला मासा दिला आणि मी मोटारसायकलला अडकवून घरी आणला. मग परतीचा पाऊस आला. ओढ्यातून वेड्या बाभळीच्या फांद्या, तुराट्या, प्लास्टिक, सगळं येऊन जाळीला बसलं आणि सांडव्याचा पुरता बांध झाला. रात्री अकराला निरोप आला. पोचलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात पाणी माथ्याच्या चार बोटं खाली हलत होतं. दोन पोरं कमरेला दोर बांधून विळ्यानं जाळी कापत गेली. तिसरा बांबू उपटला तेव्हा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. पाणी हातभर उतरायला तासभर लागला. त्या तासात खालच्या वस्तीवरची बायामाणसं शेरडं-करडं घेऊन अंधारात माळावर उभी होती. बांध राहिला. तो कटला मात्र मला आजही आठवतो.

म्हणून माझा आग्रह उलटा आहे. सांडवा उचलायचा सोडा, रुंद करा. चाळीसचा साठ फूट करा, खडक किंवा कडक मुरूम असेल त्या काठाला, आणि सांडव्यातून निघालेलं पाणी बांधाच्या पायथ्याला न घासता ओढ्याला मिळेल असा चर काढा. मधला बसलेला माथा मुरमानं, वीत-वीत थर देऊन, पाणी मारून, दाबून वर घ्या. ओलाव्याची परीक्षा मुठीत. लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिकटून राहता कामा नये.

बाकी देखभाल थोडक्यात. बांधावरची वेडी बाभूळ मनगटाएवढी व्हायच्या आत काढा. मोठी झालेली असतील तर उन्हाळ्यात, तळं उतरल्यावर, बुंध्यासकट काढून खड्डा थरांनी भरा. नुसती तोडली तर मुळं कुजून नळ्या तयार होतात. हरळी राहू द्या, तिच्याइतका स्वस्त रखवालदार नाही. घुशीची बिळं दिसतील तेव्हा खणून भरा. आणि खेकडे. चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि मग खेकड्यांवर सगळ्या राज्यात चर्चा रंगली. खेकडा बीळ करतो, खरंय. पण त्याचं बीळ दिसल्यावर कुणी काय केलं हा प्रश्न खेकड्याला विचारता येत नाही. मे महिन्यात माथ्यावर भेगा बघा. बांधाच्या लांबीनं गेलेली भेग एक वेळ थांबेल, पाण्याकडून पलीकडं आडवी गेलेली भेग थांबणार नाही. ती तळापर्यंत खणून पुन्हा दाबून भरायची, वरून मातीचा काला ओतून नाही.

पाणी हवंय ना जास्त? मग गाळ काढा. दोन एकरांतला दीड फूट गाळ निघाला तर सदतीसशे घनमीटर, जवळपास तेराशे ब्रास. चुलतभावाच्या दीड फुटाच्या निम्मं पाणी मिळालं, धोका शून्य, आणि गाळ रानात पडला तर माळाची जमीन सुधारते. फक्त बांधाच्या आतल्या पायथ्यापासून चाळीस फूट सोडून. तिथला गाळ म्हणजे बांधाची गोधडी आहे, तिनंच इतकी वर्षं पाझर आवरलाय. पोकलेनवाल्याला चुन्याची रेघ मारून द्या आणि पहिले दोन दिवस स्वतः उभे राहा. ब्रासवर पैसे घेणारा माणूस रेघेकडं बघत नाही.

आता त्या ३२ हजार लिटरकडं येऊ. एप्रिलमधे उघड्या पाण्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर उडून जातं. चार एकरांवर त्याचे होतात रोज एक लाखाच्या वर लिटर. पाझरातून जातं त्याच्या तिपटीहून जास्त सूर्य नेतो, आणि त्यातला एक थेंबही कुणाच्या विहिरीला लागत नाही. पाझर मात्र जातो कुठं? खालच्या सात विहिरींना. तुमच्याच पत्रात आहे की तळं भरल्यापासून त्या विहिरींचं पाणी चार-पाच फूट चढलं. मग ते पाणी अडवलंय म्हणून भांडतात कसे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यांना ते माहीत नाही, कारण कुणी मोजून दाखवलेलं नाही. तुमच्या वहीत तिसरा रकाना त्यांच्या विहिरींच्या पातळीचा करा. दोरी त्यांची, आकडा त्यांनीच सांगायचा.

पण त्यांच्या बाजूलाही काही आहे. बांध तुमचा, जमीन तुमची, सातबारावर नाव तुमचं. ओढा तुमचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि वाहतं पाणी, जे कुणाच्या मालकीचं ठरत नाही ते, सरकारचं. खालच्या रानाला ओढ्याच्या नैसर्गिक प्रवाहाचा हक्क आहे. सांडवा दीड फूट उचललात तर पाणी मागंही चढेल आणि वरच्या शेजाऱ्याची ताल, म्हणजे रानाचा बांध, भिजेल. खालच्यांशी भांडण आहेच, वरच्याशीही होईल. दुसरीकडं, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा तुमच्या तळ्याला लागत नाही. तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना आहे. तुमचं साडेपाच मीटर. तुमच्याकडं तपासणीला कुणी साहेब येणार नाही. तपासणी तुम्ही, उपाय तुम्ही, आणि उद्या काही झालं तर खालच्या वस्तीला जबाबदारही तुम्हीच.

हा भार एकट्यानं वाहायचं कारण नाही. तुमच्याच तालुक्यात, येरळेच्या काठी, बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात नदीतली वाळू विकून बळीराजा धरण बांधलं, आणि पाण्याचा हिस्सा जमिनीवर नाही, घरावर ठरवला. भूमिहीनालाही हिस्सा. तुमचं तळं त्याच्यापुढं लहान, पण युक्ती तीच. सातही विहीरवाल्यांना बोलवा. सांगा की सांडवा आम्ही उचलत नाही, उलट रुंद करतो. पाझर बुजवत नाही, त्याला गाळण थर घालून वाहता ठेवतो. तळ्यातून थेट मोटार फेब्रुवारीनंतर लावणार नाही, आमचं रानही विहिरीवरच भिजवू. त्या बदल्यात गाळाचं डिझेल आणि मुरमाचा खर्च वाटून घ्यायचा, आणि पावसाळ्यात सांडव्यावर रात्रीची पाळी लावायची. उसाला हे पाणी पुरणार नाही, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या, नंतर बोललात तर ते भांडण होतं. तुमच्या शेजारच्या माणमधला राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव बघा. धरण सातारा जिल्ह्यात आणि पाणी आटपाडी-सांगोल्याला, म्हणजे सांगली-सोलापुरात. बांध एकाच्या हद्दीत आणि भिजणारं रान दुसऱ्याच्या, हे आपल्याकडं जुनंच आहे.

चुलतभावाला बैठकीत बसवा आणि लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक त्याच्याच हातात द्या. मधला माथा किती खाली आहे ते त्यालाच वाचू दे.

टेंभूच्या पुढच्या आवर्तनाआधी ओढ्यावरच्या पाटकऱ्याला भेटून ठेवा. तळं आठ-दहा दिवसांत हळूहळू भरेल असं पाणी सोडता येतं का विचारा. आणि मला तीन आकडे कळवा: बादलीचे सेकंद, ओलीपासून बिडाच्या पाइपाचं अंतर आणि मधे माथा किती इंच बसलाय. दुसरा आकडा सात फुटांच्या आत असेल तर कळवत बसू नका, आधी सायफन लावा.